आधी श्वास थांबतो की हृदय?

मुलाचे ऑपरेशन ठरले की घरात पहिली चौकशी होते ती सर्जनची. डॉक्टर कोण, कुठे शिकले, अशी किती ऑपरेशने केली आहेत, हे आपण चार ठिकाणी विचारतो. फोनवरून पुण्याच्या काकूंचाही सल्ला घेतला जातो. भूल कोण देणार, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी निळी टोपी घातलेली एक व्यक्ती येते, पाच मिनिटे बोलते आणि एका कागदावर सही घेते. त्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की अत्यंत क्वचित भुलेमध्ये हृदयक्रिया बंद पडू शकते. आई-वडील ती ओळ वाचतात, एकमेकांकडे बघतात आणि सही करतात.

त्या एका ओळीमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक इंग्लिश खेडे आहे, आपल्या निजामाचे हैदराबाद आहे, अमेरिकेतली दोन-तीन मोठी इस्पितळे आहेत आणि वैद्यकशास्त्राने बरीच वर्षे जपलेली एक चुकीची समजूतही आहे. हा इतिहास माहीत असला, तर ती ओळ वाचताना भीती वाटायचीच, पण निदान ती डोळस असेल.

विनलेटनची हॅना

आपली क्लोरोफॉर्मशी ओळख बहुधा रहस्यकथांमधून झालेली असते. खलनायक रुमाल नाकाशी धरतो आणि नायिका क्षणात बेशुद्ध होते. प्रत्यक्षात माणूस इतक्या झटपट बेशुद्ध होत नाही. पण रुमालावर ओतलेले क्लोरोफॉर्म एखाद्याचा जीव मात्र दोन-तीन मिनिटांत घेऊ शकते, हे जगाला कळले ते 28 जानेवारी 1848 रोजी.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ विनलेटन नावाचे गाव आहे. तिथे हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी राहत होती. तिच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. काही महिन्यांपूर्वीच ईथरची भूल देऊन तिचे असेच एक ऑपरेशन झाले होते. या वेळी डॉक्टर मेगिसन यांनी नवे औषध वापरायचे ठरवले. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी नोव्हेंबर 1847 मध्ये क्लोरोफॉर्मचा गुण शोधून काढला होता आणि त्याला अजून तीन महिनेही झाले नव्हते. ईथरपेक्षा त्याचा वास बरा होता आणि माणूस त्याने लवकर गुंगीत जाई, त्यामुळे ते बघता बघता लोकप्रिय झाले होते.

हॅना फार घाबरलेली होती. तिला खुर्चीत बसवून कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतून हुंगायला दिले. नखाला काप घेताच तिने पाय झटकला, आणि पाठोपाठ तिचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडावर पाणी मारले, घशात ब्रँडी घातली, शीर कापून रक्त काढून पाहिले. काही उपयोग झाला नाही. सगळा प्रकार तीन मिनिटांच्या आत संपला. क्लोरोफॉर्ममुळे झालेला म्हणून नोंदलेला हा पहिला मृत्यू होता, आणि तो एका अल्पवयीन मुलीचा होता.

मग वाद सुरू झाला. सिम्पसन म्हणाले, दोष क्लोरोफॉर्मचा नाही. बेशुद्ध मुलीच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली, त्याने ती गुदमरली. लंडनचे जॉन स्नो यांचे मत वेगळे होते. सोहोमधल्या पाण्याच्या पंपावरून कॉलऱ्याचे मूळ शोधणारे ते हेच स्नो. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारेही तेच. त्यांचे म्हणणे असे की कापडावर ओतलेल्या क्लोरोफॉर्मची वाफ किती दाट आहे ते कुणालाच कळत नाही. दाट वाफेचा एखादा श्वास सरळ हृदयच बंद पाडतो. म्हणून त्यांनी वाफ मोजून देणारे उपकरण बनवले. 1858 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी क्लोरोफॉर्मने झालेले पन्नास मृत्यू एकेक करून तपासलेले आहेत.

असे दोन तट पडले. एडिंबरोकर म्हणत, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे बघत बसू नका. लंडनकर म्हणत, हृदय आधी थांबू शकते, म्हणून नाडीवरचा हात काढू नका.

निजामाचे हजार पौंड

या भांडणाचा निवाडा करायचा प्रयत्न झाला तो थेट हैदराबादेत. त्या वेळचे हैदराबाद संस्थान म्हणजे आजचा मराठवाडाही त्यातच. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड ही सारी निजामाची मुलूखगिरी. तिथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले. श्वास सांभाळला की क्लोरोफॉर्म पूर्ण सुरक्षित आहे, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. 1888 मध्ये त्यांनी निजाम सरकारच्या मदतीने पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की आधी श्वासच थांबतो.

लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला हे पटले नाही. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबाराने एक हजार पौंड देऊ केले. 'लॅन्सेट'ने आपला माणूस पाठवावा आणि प्रयोग डोळ्यांसमोर करून घ्यावेत. 1889 मध्ये लॉडर ब्रन्टन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत दाखल झाले. सुमारे पाचशे प्राण्यांवर प्रयोग झाले. येताना वेगळ्या मताचे असलेले ब्रन्टनही शेवटी लॉरींच्या बाजूला गेले.

या सगळ्या धामधुमीत एक नाव आपण लक्षात ठेवावे असे आहे. रूपाबाई फरदूनजी या पारशी बाई हैदराबादच्या त्याच मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या, क्लोरोफॉर्म द्यायला शिकल्या आणि पुढे एडिंबरोलाही शिकायला गेल्या. भूल देणारी जगातली पहिली महिला डॉक्टर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ज्या काळात आपल्याकडे मुलींनी शाळेत जावे की नाही यावर वाद रंगत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

हैदराबादचा निकाल मात्र पुरता टिकला नाही. 1911 मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना शरीरात अ‍ॅड्रेनालिन उसळले, तर हृदयाचे ठोके एकदम विस्कटतात. हृदय नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. भीती वाटली, दुखले की अ‍ॅड्रेनालिन उसळतेच. घाबरलेली मुलगी, अर्धवट भूल आणि बोटावर फिरलेली सुरी. हॅनाच्या खुर्चीत काय घडले असावे, याचा सर्वांत पटणारा खुलासा त्रेसष्ट वर्षांनी मिळाला.

दोष मुलाच्या अंगात

दरम्यान एक वेगळीच गोष्ट चालू होती. लहान मुले टेबलावर अचानक दगावत, आणि शवविच्छेदनात छातीतली थायमस नावाची ग्रंथी मोठी दिसे. 1889 मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी यावरून एक रोगच मांडला. काही मुले जन्मतःच अशा प्रकृतीची असतात, ती किरकोळ कारणानेही मरतात, भूल हे केवळ निमित्त, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांना हा खुलासा सोयीचा होता. मृत्यूच्या दाखल्यावर त्या रोगाचे लांबलचक नाव लिहिले की भूल देणाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नसे. आई-वडिलांचीही समजूत पटे. मुलाचे नशीबच तसे, म्हणून ते घरी जात.

खरी गोष्ट साधी होती. थायमस लहान मुलांमध्ये मोठीच असते. दीर्घ आजाराने मुले गेली की ती आक्रसते. शवविच्छेदनाला बहुधा अशीच आजाराने खंगलेली मुले येत, त्यामुळे आक्रसलेली ग्रंथी हीच सर्वसाधारण असे डॉक्टर समजून बसले होते. धडधाकट मूल अचानक गेले की त्याची निरोगी ग्रंथी त्यांना रोगट वाटे. 1931 मध्ये ब्रिटिश समितीने हा रोग अस्तित्वात असल्याचा काहीही पुरावा नाही असा निर्वाळा दिला. तोवर अमेरिकेत हजारो तान्ह्या मुलांच्या छातीवर, ग्रंथी लहान व्हावी म्हणून, क्ष-किरण सोडले गेले होते, आणि काही ठिकाणी ते पुढेही चालू राहिले. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांचा मागचा इतिहास तपासला. त्यांतल्या बऱ्याच जणांना तान्हेपणी असे क्ष-किरण दिलेले निघाले.

कारण चुकीचे शोधले की उपायही चुकीचा होतो, एवढेच यातून शिकायचे नाही. दोष मुलाच्या अंगात आहे असे एकदा ठरवले की भूल देण्याची पद्धत सुधारायची गरजच कुणाला वाटत नाही. ती चार दशके तशी वाया गेली.

लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

सुधारणा झाली ती मुलांच्या शरीराकडे नीट पाहिल्यावर. तान्ह्या मुलाला वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो, आणि फुप्फुसातला साठा मात्र तोकडा. श्वास अडला तर मोठा माणूस काही मिनिटे तग धरतो, पण तान्हे मूल त्याहून फार लवकर निळे पडते. प्राणवायू कमी झाला की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि मग थांबतात. त्यात रक्त किलोमागे साधारण 80 मिलिलिटर. पाच किलोच्या बाळात सगळे मिळून 400 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन कप चहा होईल एवढेच. मोठ्या माणसाला न जाणवणारा रक्तस्राव बाळाला झेपत नाही.

हॅनाच्या गावाशेजारच्या न्यूकॅसलमध्येच 1937 मध्ये फिलिप एअर यांनी एक साधी नळी तयार केली. दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनमध्ये बाळे फार थकत, कारण मोठ्यांच्या यंत्रातल्या झडपांमधून श्वास ओढणे त्यांना जड जाई. एअर यांचा स्वतःचा जन्म दुभंगलेल्या ओठासह झालेला होता. त्यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची नळी वापरून झडपाच काढून टाकल्या. पुढे लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी तिला पिशवी जोडली, आणि ती जोडणी आजही जगभर वापरात आहे. बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट स्मिथ यांनी मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप चिकटवून ऑपरेशन संपेपर्यंत एक कान तिथेच ठेवायची शिस्त लावली. ठोका आणि श्वास दोन्ही एकाच वेळी ऐकायचे. लंडन आणि एडिंबरोचे भांडण अशा रीतीने एका रबरी नळीत मिटले.

थांबलेले हृदय परत चालू होते

1947 मध्ये क्लीव्हलंड येथे एका चौदा वर्षांच्या मुलाच्या खोल गेलेल्या छातीचे ऑपरेशन झाले. छाती शिवत असताना हृदय थांबले. सर्जन क्लॉड बेक यांनी टाके उसवले, हृदय हातात घेतले आणि सुमारे पाऊण तास दाबत राहिले. मग ज्यावर ते कित्येक वर्षे काम करत होते, ते विजेचा झटका देणारे यंत्र आणवले. पहिला झटका वाया गेला. औषध देऊन पुन्हा झटका दिल्यावर ठोके सुरू झाले. मुलगा बरा होऊन घरी गेला. विजेच्या झटक्याने माणसाचे विस्कटलेले ठोके ताळ्यावर आल्याची ही पहिली यशस्वी नोंद.

पण यासाठी छाती उघडावी लागे. 1960 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या काउवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिले की छाती न उघडता, वरून हातांनी दाबूनही रक्ताभिसरण चालू ठेवता येते. त्यांच्या पहिल्या वीस रुग्णांपैकी चौदा वाचले. त्याच शहरात पीटर सफार या भूलतज्ज्ञाने तोंडाने श्वास देण्याची पद्धत पक्की केली होती. दोन्ही एकत्र आल्यावर तयार झाले ते सीपीआर. मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी रबरी पुतळ्यावर आपण जे शिकतो, त्याची मुळे ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत.

मोजायला लागल्यावर

1954 मध्ये हार्वर्डचे बीचर आणि टॉड यांनी दहा इस्पितळांतल्या 5,99,548 भुलांचा हिशेब छापला. सुमारे 1,560 भुलांमागे एक मृत्यू असा होता, की ज्यात भुलेचा वाटा होता. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचे प्रमाण त्यात वाजवीपेक्षा जास्त निघाले. 1991 मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथल्या डॉक्टरांनी तान्ह्या मुलांच्या नोंदी तपासल्या. बालभूलतज्ज्ञांनी हाताळलेल्या 2,310 बाळांत भुलेमुळे एकाचेही हृदय थांबले नव्हते, आणि इतर भूलतज्ज्ञांनी हाताळलेल्या 2,033 बाळांत चौघांचे थांबले होते. आकडे लहान आहेत, पण त्यांनी दाखवलेली दिशा स्पष्ट आहे.

1994 मध्ये अमेरिकेत मुलांच्या अशा घटनांची स्वतंत्र नोंदवही सुरू झाली. इस्पितळांनी नाव न सांगता घटना कळवायच्या, दोष देण्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी. 2000 मध्ये सिएटलच्या जेफ्री मोरे यांनी पहिला अहवाल दिला. 63 संस्थांमधल्या 289 घटनांपैकी 150 भुलेशी संबंधित होत्या. प्रमाण 10,000 भुलांमागे 1.4. त्यांतली निम्म्याहून अधिक मुले वर्षाच्या आतली होती आणि 26 टक्के दगावली. सर्वांत मोठे कारण, 37 टक्के, औषधांचे होते, आणि त्यांत हॅलोथेन हे नाव पुन्हा पुन्हा येत होते. 1956 पासून वापरात आलेले हे औषध मुलांना हुंगायला सोपे होते, पण त्याने बाळांच्या हृदयाची ताकद घटत असे.

त्याची जागा सेव्होफ्लुरेनने घेतली. 2007 मध्ये संजय भाननकर आणि सहकाऱ्यांनी पुढचा अहवाल दिला, तेव्हा औषधांमुळे झालेल्या घटना 37 टक्क्यांवरून 18 वर आल्या होत्या. आता पुढे आली ती रक्तस्रावाची आणि रक्त भरताना पोटॅशियम वाढण्याची कारणे. साठवलेल्या रक्तात दिवसेंदिवस पेशींतून पोटॅशियम झिरपते. बाळाला ते एकदम भरले तर हृदय थांबू शकते. त्यावरून बाळांसाठी ताजे किंवा धुतलेले रक्त वापरण्याची काळजी वाढली.

आणखी एक धडा 1990 च्या दशकातला. दिसायला निरोगी अशा काही छोट्या मुलग्यांची हृदये सक्सिनिलकोलीन नावाच्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधानंतर अचानक थांबली. शोध घेतल्यावर कळले की त्यांच्यातल्या अनेकांना ड्युशेनसारखा स्नायूंचा आनुवंशिक आजार होता, तो घरात कुणाला ठाऊकच नव्हता. त्यानंतर अमेरिकेत त्या औषधाच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा आला, आणि मुलांसाठी ते आणीबाणीपुरते राखून ठेवले गेले.

थायमसची गोष्ट इथे पुन्हा आठवते. या वेळीही कारण मुलाच्या शरीरातच होते. फरक इतकाच की त्यावरून मुलाला दोषी ठरवून फाइल बंद केली गेली नाही, तर औषध द्यायची पद्धत बदलली गेली.

आपल्यासाठी

हॅनाच्या वेळी बोटांनी नाडी चाचपणे एवढाच उपाय होता. आज बोटाला लावलेली लाल दिव्याची चिमटी रक्तातला प्राणवायू क्षणोक्षणी सांगते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात तिच्यामागचे तत्त्व शोधले. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही मोजला जातो. निरोगी मुलाच्या साध्या ऑपरेशनमध्ये धोका आज फारच कमी आहे. पण ऑपरेशन छोटे असले तरी भूल छोटी नसते. हॅनाचेही नखच काढायचे होते.

म्हणून त्या सकाळी आलेल्या निळ्या टोपीच्या व्यक्तीशी पाच मिनिटे मोकळेपणाने बोलावे. सर्दी-खोकला असेल तर ऑपरेशन पुढे जाईल या धास्तीने लपवू नये, कारण सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते. उपाशी ठेवायला सांगितले असेल तर आजीच्या मायेने चोरून दिलेले अर्धा कप दूधही सांगून टाकावे, कारण ते भुलेत फुप्फुसात जाऊ शकते. इकडे किंवा भारतात, आईच्या किंवा वडिलांच्या बाजूला, कुणाला स्नायूंचा आजार होता का, कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, हे आधीच फोन करून विचारून ठेवावे. आपली कुटुंबे दोन-तीन देशांत पांगलेली, त्यामुळे अशी माहिती एखाद्या मावशीकडेच असते आणि तिला कुणी विचारलेले नसते. आणि बाळ वर्षाच्या आतले असेल, तर भूल देणाऱ्यांना तान्ह्या मुलांचा सराव किती आहे, असे विचारायला अजिबात संकोच करू नये. चांगल्या भूलतज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही.

एवढे विचारून झाले की मग सही करावी.